गौताळ्याच्या दरीतली सायकल सहल, 20,670 रुपये आणि वन विभागाचं खोटं पत्र

आकडा आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना लपवाछपवी वाटणार नाही. सायकल सहलीच्या खोट्या आयोजकाने आम्हा तिघांना फसवलं, मिळून 20,670 रुपये गेले. सहलीचे माणशी 3,800 प्रमाणे 11,400. 'अभयारण्य परवानगी'चे माणशी 590 प्रमाणे 1,770. सायकलला बांधायच्या बॅगांची अनामत माणशी 2,500 प्रमाणे 7,500. मंगळवार, बुधवार आणि गुरुवार अशा तीन दिवसांत ही रक्कम एकाच यूपीआय आयडीवर गेली. तो आयडी संस्थेच्या नावाचा नव्हता, एका माणसाच्या नावाचा होता.

बेत असा होता: संभाजीनगरहून वेरूळमार्गे कन्नड, तिथून गौताळा अभयारण्यातून पितळखोऱ्याची दरी, खाली पाटणादेवी आणि चाळीसगावहून घाट चढून परत. दोन रात्री, तीन दिवस. परवानगी, बॅगा आणि मागे सामानाची गाडी, सगळं 'आयोजक' बघणार. जाहिरात सायकलवाल्यांच्याच व्हॉट्सअ‍ॅप गटात आली होती. टाकणारा ओळखीचा होता, पण त्यानेही ती नुसती पुढे ढकललेली होती. ओळखीच्या माणसाने टाकली म्हणून जाहिरात खरी ठरत नाही.

आम्ही नवखे नव्हतो, हे मुद्दाम सांगतो. त्या आयोजकाने आम्हाला विचारलं, सीट आणि मागच्या टायरमध्ये किती अंतर आहे? टायर ट्यूबलेस आहेत का, आत सीलंट (पंक्चर आपोआप बुजवणारा द्रव) घातलंय का? हे प्रश्न बरोबर आहेत. सीटखालची 12-14 लिटरची बॅग लावायची तर टायरपर्यंत वीतभर जागा लागते, नाहीतर खड्ड्यात बॅग टायरवर घासून फाटते. आणि आपल्या भागात बाभळीच्या काट्यांमुळे सीलंटशिवाय जंगलवाटेवर जाणं म्हणजे दर तासाला पंक्चर. इतकं नेमकं विचारणारा माणूस खोटा असेल असं कुणाला वाटेल? बॅगांचा चांगला संच विकत घ्यायचा तर अनामतीच्या कितीतरी पट पैसे लागतात, त्यामुळे 2,500 वाजवीच वाटले.

पण जिथे थांबायला हवं होतं ती जागा वेगळी होती, आणि ती आठवली की अजून हात शिवशिवतात.

बुधवारी रात्री त्याने मार्गाची जीपीएक्स फाइल पाठवली, म्हणजे जीपीएसवर वाट दाखवणारी बिंदूंची नोंद. ती उघडली तर तीन दिवसांची एकूण चढाई शून्य मीटर. कन्नडचं पठार आणि चाळीसगाव यांच्या उंचीत सुमारे 300 मीटरचा फरक आहे. घाट उतरून परत चढायचा म्हणजे तेवढी चढाई नुसत्या परतीलाच झाली. खरोखर सायकल चालवून नोंदवलेल्या फाइलमध्ये प्रत्येक बिंदूला उंची आणि वेळ असते. हिच्यात दोन्ही नव्हतं. बिंदू तीनशे-चारशे मीटरवर टाकलेले, आणि पितळखोऱ्यापाशी रेघ सरळ कड्यावरून खाली गेलेली. तिथे लेण्यांकडे पायऱ्या उतरतात. पुढची वाट पायी जाणाऱ्याची आहे, लादलेली सायकल तिथून जात नाही. हे आम्हाला माहीत होतं. स्क्रीनवर ती रेघ मोठी करून पाहिली आणि 'घाईत हाताने काढली असेल, गाइड बरोबर आहेच' म्हणून सोडून दिली. दुसऱ्या दिवशी 7,500 पाठवले.

जाहिरातीतला फोटो तर आणखी उघड होता. लाल, थराथरांचा वालुकाश्म. आपल्या सातमाळ्याच्या डोंगरात सगळा काळा पाषाण, बेसाल्ट. फोटो बघितला की दगड बघा.

परवानगीच्या पत्रावर गोल शिक्का होता, आवक-जावक क्रमांक होता. मजकुरात भारतीय वन अधिनियम 1927चा उल्लेख. पण अभयारण्यात शिरण्याची परवानगी वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972च्या कलम 28 खाली येते. परवानगीच्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी लावून 590. आणि तिघांपैकी एकाचंही आधार मागितलं नव्हतं. परवानगी स्वतः वन विभागाच्या कार्यालयातून काढा, पावती तिथेच घ्या. मधल्या माणसाच्या हाती तो व्यवहार देऊच नका.

शनिवारी पहाटे साडेपाचला कन्नडला ठरल्या जागी कुणी नाही, फोन बंद. नाक्यावरच्या वनरक्षकाने पत्र उलटसुलट करून पाहिलं. "साहेब, हे आमचं नाही. रात्री आत थांबायची परवानगी अशी मोबाइलवर देत नसतेत."

पुढचा त्रास पैसे जाण्याहून वाईट होता. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हेल्पलाइन क्रमांक 1930 चौथ्या वेळी लागला. तक्रार क्रमांक मिळाला. ठाण्यात गेलो तर म्हणाले, घटना कन्नडची, तिकडं जा. तिकडे म्हणाले, पैसे शहरातून पाठवले, शहरात जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. हे सांगितलं तर टेबलापलीकडून उत्तर आलं, "शिकलेले लोक असून असं कसं करायलात तुम्ही?" शिकलेल्याची तक्रार घ्यायची नाही असं कुठल्या कायद्यात आहे? बँकेत एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत, मग 'सर जेवायला गेलेत', मग 'अर्ज इंग्रजीत द्या'. आठ दिवसांनी कळलं, समोरच्या खात्यात 212 रुपये उरले होते. पैसे तासाभरात पुढच्या खात्यांत जातात. म्हणून शंका आली त्याच मिनिटाला 1930 लावा. आम्ही शनिवार उजाडेपर्यंत वाट पाहिली.

रविवारी त्या आयोजकाचाच मेसेज आला, 'परताव्यासाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाका'. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. तो स्कॅन केला नाही. मेसेज, व्यवहार क्रमांक आणि ती जीपीएक्स फाइल तक्रारीला जोडली.

तोच लाल दगडाचा फोटो आता अजिंठ्याच्या वाघूर नदीच्या दरीतल्या सहलीखाली फिरतोय, दर 4,200. तुमच्या गटात आला असेल तर पैसे भरू नका. स्क्रीनशॉट घ्या, त्यातला फोन क्रमांक 1930 ला कळवा आणि गटात सगळ्यांना सांगा.