साखरेवर कर, की पाकिटावर काळा शिक्का?

मैत्रिणीला जास्त साखरेचं खाणं-पिणं आवरण्याच्या धोरणाच्या टिपणासाठी गोड पेयांवरचा कर आणि पाकिटावरचा इशाऱ्याचा काळा शिक्का यांपैकी एकच निवडायचं आहे. "आम्ही स्वतःहून सुधारतोय" हा कंपन्यांचा तिसरा पर्याय मी धरलेलाच नाही.

कष्ट कोणाला? करात कंपनीला. ब्रिटनने एप्रिल 2018 मध्ये टप्पे ठेवले: 100 मिलिलिटरला 5 ग्रॅमपासून साखर असेल तर लिटरमागे 18 पेन्स, 8 ग्रॅमपासून 24. कर लागू व्हायच्या आधीच अनेकांनी साखर पाचाच्या खाली आणली, गिऱ्हाइकाने बोटही न हलवता. मेक्सिकोचा 2014 चा कर मात्र सरसकट, लिटरला 1 पेसो. तिथे थोडीशी साखर कमी करून कंपनीला काय मिळणार?

चिलीत 2016 पासून साखर, मीठ, संपृक्त चरबी, कॅलरी यांपैकी जे जास्त, त्याचा काळा अष्टकोनी शिक्का पाकिटावर. शिवाय अशा पाकिटांवरची मुलांना भुलवणारी कार्टूनं हटवली. मला तर हेच जास्त आवडलं. पण शिक्का बघून पाकीट परत ठेवायचं काम गिऱ्हाइकाचंच.

टिकाऊपणात शिक्का पुढे. कराची रक्कम वाढवत नेली नाही तर महागाई ती खाऊन टाकते.

फक्त गोड पेयांचा प्रश्न असेल तर टप्प्यांचा कर. बिस्किटं, चिप्स, सगळंच आवरायचं असेल तर शिक्का, पण कार्टूनबंदीसकट.