रिकी मार्टिनचा 'वुएल्वे': काही महिने सतत ऐकल्यावर

'वुएल्वे' हा गायक रिकी मार्टिनचा स्पॅनिश अल्बम ऐकायचा तर त्यातल्या संथ गाण्यांसाठी ऐका. रिकी मार्टिन म्हटलं की बहुतेकांना १९९८च्या फुटबॉल विश्वचषकाचं 'ला कोपा दे ला विदा' आठवतं, आणि ते इथे आहेच. १९९९च्या ग्रॅमी सोहळ्यात त्याने ते गायलं तेव्हा सभागृह उठून उभं राहिलं. त्याच रात्री या अल्बमला ग्रॅमीही मिळालं. पण इतके महिने ऐकल्यावर माझं बोट आपोआप जातं ते 'कासी उन बोलेरो'वर, नाहीतर 'पेर्दिदो सिन ती'वर. 'पोर आरीबा, पोर आबाहो'सारखी धावती गाणी सुरुवातीला झिंग आणतात, मग पुरे होतात.

शीर्षकगीत व्हेनेझुएलाच्या फ्रान्को दे विताने लिहिलेलं. परत ये, एवढीच विनवणी. मागचा कोरस चढत जातो, तरी रिकी किंचाळत नाही. ही तयारी मला मेनुदोतली वाटते. प्वेर्तो रिकोच्या त्या बॉय बँडमध्ये तो १९८४ साली, बारा वर्षांचा असताना गेला आणि १९८९पर्यंत राहिला. तिथे मुलं मोठी झाली की त्यांच्या जागी नवी यायची. आवाज फुटायच्या वयात हजारोंसमोर गायचं म्हणजे गळा आणि दमसास दोन्ही कसाला लागणारच. अल्बमच्या निर्मात्यांपैकी रोबी द्राको रोसाही मेनुदोतलाच, आणि 'ला बोम्बा'च्या लेखनातही तो आहे. या दोघांचं जमलेलं सूत गाण्यागणिक ऐकू येतं.

'मार्सिया बाइला' हे मूळ ले रिता मित्सुको या फ्रेंच जोडीचं. कॅन्सरने गेलेल्या अर्जेंटिनाच्या नर्तिका मार्सिया मोरेत्तोवर ते लिहिलंय. नाचता नाचता मृत्यूबद्दल बोलणारं असं गाणं विरळाच. रिकीच्या रूपात ठेका झकास आहे, पण ती कळ बोथट झाली आहे. आधी मूळ ऐका, मग हे.

'नो इम्पोर्ता ला दिस्तान्सिया' मात्र मी दर वेळी पुढे ढकलते. डिस्नेच्या 'हर्क्युलिस'मधलं हे गाणं इथे उपरं वाटतं.

छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकू नका, तालवाद्यांचा नुसता गलका होतो. हेडफोनवर प्रत्येक वाद्य सुटं कळतं.

१९९९च्या इंग्रजी अल्बममुळे ज्यांना रिकी माहीत झाला, त्यांनी एक पाऊल मागे यावं. तो अल्बम जास्त गाजला, पण मला हाच कितीतरी जवळचा वाटतो. स्पॅनिशमध्ये गाताना रिकीला शब्द सुरांत कोंबावे लागत नाहीत.