व्हायरल लोड 0 टक्के, आणि मी खूश झाले

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

'एचआयव्ही मुळापासून बरा करतो' म्हणणाऱ्यांच्या खिशात माझे एकूण 27,699 रुपये गेले. नोंदणी 1,499, रक्ततपासणी 3,200, 'मुळापासून बरं' करणारा कोर्स 18,000 आणि शेवटी 'गोपनीयता शुल्क' 5,000. त्या शेवटच्या पाच हजारांनी अजून झोप उडते.

एचआयव्हीचं निदान पहिल्या वर्षी झालं. रोज एक गोळी, तिचा त्रास शून्य. त्रास बाकीचाच. एआरटी केंद्राची, म्हणजे जिथून या गोळ्या मिळतात त्याची, वेळ नेमकी प्रॅक्टिकलची. खोलीत आम्ही तिघी, म्हणून गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत आणि डबी खुळखुळू नये म्हणून वर कापूस. अशी दोन वर्षं काढल्यावर कुणी 'खास विद्यार्थ्यांसाठी, सगळं कुरिअरने, कुणाला कळणार नाही' म्हटलं, तर? मूर्ख नव्हते, दमले होते.

त्यांच्या फोनवरच्या मॅडम मला 'बाळा' म्हणायच्या. घरी येऊन कुणीतरी रक्त नेलं आणि मोबाईलवर पीडीएफ आली: 'व्हायरल लोड 0 टक्के'. टक्के! एका मिलिलिटर रक्तात विषाणूच्या किती कॉपी, असं मोजतात ते. मी हे पेपरात लिहून मार्क मिळवलेत. नमुन्याची तारीख 14, रिपोर्टची 13. झूम करून पाहिलं आणि नजर अडकली ती त्या शून्यावर. विषाणू गेलाच असेल तर कोर्स कशाला, हेही विचारलं नाही. मॅडम म्हणाल्या, 'जुन्या गोळ्या बंद कर, नाहीतर रिअ‍ॅक्शन येईल.' केल्या बंद.

सात आठवड्यांनी केंद्रात व्हायरल लोड तपासला: 38,400 कॉपी. गोळ्यांवर होते तेव्हा विषाणू मशीनला सापडत नव्हता. औषधाने तो दबतो, पण काही पेशींच्या डीएनएत दडून राहतो. औषध थांबलं की बहुधा काही आठवड्यांतच परत येतो. 'सापडत नाही' म्हणजे 'गेला' नव्हे. फोनवरच्या सांगण्यावरून गोळी थांबवू नका, कुणाच्याही. आणि कोर्सच्या त्या पुड्यांवर घटकांची यादीच नव्हती. अहो, डोल्युटेग्राविर या एचआयव्हीच्या औषधाबरोबर साधी लोहाची, कॅल्शियमची गोळीसुद्धा वेळ पाहून घ्यावी लागते!

पैसे परत मागितले तर मॅडमचा सूर बदलला: 'तुझ्या विभागप्रमुखांना पत्र टाकू?' पाच हजार भरले. चार दिवसांनी आणखी पाच मागितले. पहिलाच हप्ता देऊ नका, स्क्रीनशॉट काढा. मी घाबरून अर्धे मेसेज पुसून टाकले होते.

पोलिसांकडे गेले. टेबलामागच्या साहेबांनी माझा अर्ज मोठ्याने वाचला, अख्ख्या रांगेसमोर, 'एचआयव्ही' या शब्दावर थांबून. मग प्रश्न: 'हे झालं कसं?' साहेब, चोरी पैशांची झाली आहे, माझं रक्त कशाला तपासताय? पुढे 'सायबरकडे जा'. सायबरवाले म्हणाले, पैसे स्वतःच भरलेत ना, मग फसवणूक कसली? बँक म्हणाली, पोलिसांचा कागद आणा. कॉलेजच्या आरोग्य कक्षात डोकेदुखीची गोळी मिळाली आणि 'पालकांना घेऊन ये' हा सल्ला. पालकांना माहीत असतं तर मी त्या मॅडमकडे गेले असते का?

केंद्रातल्या समुपदेशक ताई एक शब्द रागावल्या नाहीत. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, औषधाला प्रतिकार तयार झालाय का त्याची तपासणी व्हायची आहे. आणि त्यांनीच सांगितलं की सकाळी लवकर येऊन गोळ्या नेता येतात. दोन वर्षं मी विचारलंच नव्हतं.

अर्जाची पोच अजून मिळालेली नाही. सोमवारी तिसऱ्यांदा जाणार आहे.