कंट्रोलरचा दोष शोधायचा तर आधी काय घ्यावं: मीटर, स्कॅनर की बदली कंट्रोलर?

इलेक्ट्रिक गाड्यांचं काम सुरू करणारे गॅरेजवाले हमखास विचारतात, आधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) घेऊ का? मी विचारतो, तुमच्या दारात गाड्या कोणत्या येतात? ४८ ते ७२ व्होल्टच्या ई-रिक्षा आणि साध्या स्कूटर येत असतील तर एक उत्तर, हायक्रॉस किंवा हायरायडरसारख्या हायब्रिड येत असतील तर दुसरं. कंट्रोलरचं काम दोन्हीकडे तेच असतं: बॅटरीचा डीसी तीन फेजमध्ये फिरवून मोटर चालवायची. दोष सापडायची वाट मात्र वेगळी.

छोट्या गाड्यांत मी डोळे मिटून मल्टिमीटर निवडतो. यातल्या बऱ्याच कंट्रोलरना स्कॅनर जोडायची सोयच नसते. आणि पहिली चाचणी तर मीटरशिवाय होते. बॅटरी काढा, स्कूटर स्टँडवर किंवा रिक्षा जॅकवर घ्या आणि चाक हाताने फिरवा. (रिक्षाची दोन्ही मागची चाकं एकाच दिशेने एकदम फिरवायची, नाहीतर डिफरन्शियलमुळे एक चाक उलटं फिरतं आणि मोटर जागची हलत नाही.) चाक जड, अडखळत फिरलं तर तिन्ही जाड फेज वायर कंट्रोलरपासून सोडवा, त्यांची टोकं एकमेकांना लागू देऊ नका आणि पुन्हा फिरवा. आता मोकळं फिरलं तर कंट्रोलरमधला मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट आहे. तरीही जड असेल तर दोष मोटरमध्ये किंवा तिच्या केबलमध्ये, कंट्रोलर निर्दोष असू शकतो.

मग मल्टिमीटर डायोड टेस्टवर लावा. लाल प्रोब बॅटरी मायनसच्या वायरवर, काळी कंट्रोलरच्या एकेका फेजवर. तिन्हीकडे साधारण ०.४ ते ०.६ व्होल्ट, आणि मुख्य म्हणजे एकसारखं रीडिंग हवं. प्लसच्या बाजूला लाल प्रोब फेजवर आणि काळी प्लसवर ठेवून हेच करायचं. एखादा फेज शून्याजवळ आला की मॉसफेट गेला.

गाडी गुरगुरते, झटके मारते पण उचलत नाही, अशी तक्रार असेल तर आधी हॉल सेन्सर (मोटर कुठे फिरली ते कंट्रोलरला सांगणारे) बघा. बॅटरी जोडून चावी चालू करा आणि हॉलच्या प्लगमधल्या लाल-काळ्या वायरवर साधारण ५ व्होल्ट आहेत का ते तपासा. नंतर चाक सावकाश फिरवताना पिवळी, हिरवी, निळी या तिन्ही सिग्नल वायर शून्य ते ५ व्होल्टमध्ये वर-खाली व्हायला हव्यात. एक वायर जागीच अडकली तर तो सेन्सर किंवा ती वायर गेली. मुळात ५ व्होल्टच नसतील तर हॉलचा प्लग काढून पुन्हा मोजा. व्होल्टेज परत आलं तर शॉर्ट मोटरच्या बाजूला आहे. नाही आलं तर थ्रॉटलचाही (अ‍ॅक्सिलरेटरचा) प्लग काढून बघा, कारण बऱ्याच गाड्यांत थ्रॉटल त्याच ५ व्होल्टवर चालतो. कोकणातल्या पावसात तर या प्लगच्या पिनांवर हिरवा थर धरतो. नुसत्या साफसफाईने गाड्या सुरू झालेल्या मी पाहिल्या आहेत. ब्रेक दाबल्यावर मोटर बंद करणारा कट-ऑफ स्विच अडकला तरी मोटर उठत नाही, आणि दोष कंट्रोलरवर जातो.

"दुसरा कंट्रोलर लावून बघू" हा मार्ग सोपा वाटतो आणि तोच महागात पडतो. माझ्याकडे आलेल्या एका रिक्षाला आधी दोन नवे कंट्रोलर लावून झाले होते, दोन्ही उडाले. मोटरच्या तोंडाशी दोन फेज वायर घासून एकमेकींना लागत होत्या. रोजच्या भाड्यावर पोट असलेल्या त्या माणसाचे दोन कंट्रोलरचे पैसे गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. फेज सोडवून चाक फिरवलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. बदली कंट्रोलर जरूर ठेवा, पण मोटर तपासल्यावर शेवटची खात्री करायला.

हायब्रिडकडे वळलं की मीटर-आधी हा माझा हट्ट मी सोडतो. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये २०१.६ व्होल्टची बॅटरी आहे आणि इन्व्हर्टर, म्हणजे तिथला कंट्रोलर, ते ५०० व्होल्टपर्यंत चढवतो. तिथे अंदाजाने प्रोब लावणं म्हणजे जिवाशी खेळ. १००० व्होल्टचे हातमोजे, कॅट-३ (उच्च व्होल्टेजला सुरक्षित दर्जाचा) मीटर, उच्च व्होल्टेज तोडणारा सर्व्हिस प्लग काढून १० मिनिटं थांबणं आणि मग कपॅसिटरवर व्होल्टेज उरलं नाही हे मोजून बघणं. एवढी तयारी नसेल तर उच्च व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावू नये.

पण या गाड्यांत स्वस्त स्कॅनरही पुरत नाही. टोयोटाचा पी०एए६ हा कोड सांगतो की उच्च व्होल्टेज कुठेतरी बॉडीला गळतंय. कुठे, ते त्याच्या पोटातला उपकोड सांगतो: ६१२ असेल तर बॅटरीचा भाग, ६१३ असेल तर मोटर-गिअरबॉक्सचा. साधा ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर बहुधा फक्त मुख्य कोड दाखवतो आणि तुम्ही नको तो भाग उघडून बसता. २०१४ मध्ये टोयोटाने तिसऱ्या पिढीच्या सुमारे १९ लाख प्रियस परत बोलावल्या, कारण इन्व्हर्टरच्या सॉफ्टवेअरमुळे काही ट्रान्झिस्टर जास्त तापत होते. असा दोष मीटरवर कसा दिसणार? म्हणून इथे कंपनीच्या दर्जाचा स्कॅनर ही चैन नाही.

स्कॅनरने भाग दाखवल्यावर खात्री मेगरने (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं यंत्र) करायची. मल्टिमीटर थोड्या व्होल्टवर मोजतो, त्यामुळे ५०० व्होल्टला गळणारं इन्सुलेशन त्याला धडधाकट वाटतं. मात्र केबल इन्व्हर्टरपासून सोडवूनच मेगर मारायचा, नाहीतर चांगला इन्व्हर्टर तुमच्याच हातून जाईल. आणि हे सगळं करण्याआधी १२ व्होल्टची बॅटरी तपासा, ती दुबळी असली तर भलतेच कोड येतात. इन्व्हर्टर तापल्याची तक्रार असेल तर कूलंटच्या टाकीत पाणी हलतंय का बघा. हलत नसेल तर बऱ्याचदा पंपच मेलेला असतो.

बदलीचा मार्ग इथे जवळपास बंदच. काही गाड्यांत नवा इन्व्हर्टर बसवल्यावर रिझॉल्व्हरचं (मोटरचा कोन मोजणारा सेन्सर) ऑफसेट स्कॅनरनेच भरावं लागतं.

महिन्याला एखादीच हायब्रिड येत असेल तर माझा सल्ला, हा खर्च आत्ता करू नका. चांगला मीटर घ्या, रिक्षा-स्कूटरवर हात बसवा आणि हायब्रिड जाणकाराकडे पाठवा. फक्त पाठवताना कोड पुसू नका. कोड पुसला की दोष आला त्या क्षणीचा वेग, तापमान, व्होल्टेज हे साठवलेलं सगळं जातं, आणि पुढच्या माणसाला तेच हवं असतं.