द्राक्षाच्या कंटेनरमधला टेम्परेचर लॉगर: ३० दिवसांचा घेऊ नका

आमचं पॅकहाऊस दिंडोरी तालुक्यात आहे. आम्ही ११ बागायतदार मिळून माल भरतो, हंगामाला १४-१५ कंटेनर, बहुतेक सगळे रॉटरडॅमला. भरणी आणि कागदपत्रं माझ्याकडे. शेवटच्या पॅलेटला पट्ट्या बसल्या की दार लावायच्या आधी मी स्वतः आत चढते आणि वरून दुसऱ्या पेटीला टेम्परेचर लॉगर चिकटवते. काडेपेटीहून जरा मोठा पांढरा तुकडा, एका टोकाला यूएसबीची पिन. बटण दाबून धरलं की हिरवा दिवा लुकलुकतो आणि तिथून तो दर १० मिनिटांनी आतलं तापमान नोंदवत जातो. तिकडे आयातदार तो काढून कॉम्प्युटरला लावतो, सगळ्या प्रवासाचा आलेख पीडीएफमध्ये निघतो. एकदा वापरला की संपला.

गोडी छाटण्या (फळछाटण्या) उरकल्यात, नाशिकमध्ये पॅकिंग मटेरियलची खरेदी सुरू झालीय आणि विक्रेते पुन्हा ३० दिवसांचं मॉडेल पुढे करतायत, म्हणून हे लिहितेय.

हे लॉगर दिवसांवर विकले जातात: ३०, ६०, ९०. २०२४च्या सुरुवातीपर्यंत मी ३०चाच घेत होते, नग ११०० रुपयांना पडायचा. न्हावाशेवाहून सुएझमार्गे आमचा माल २३-२४ दिवसांत उतरायचा. बंदरात दोन-तीन दिवस रखडला तरी हाताशी दिवस शिल्लक असायचे.

२०२४च्या हंगामात आमचा चौथा कंटेनर ३९ दिवसांनी उतरला. आयातदाराचा मेल आला: देठ तपकिरी, मणीगळ, दरात कपात. मी लगेच लॉगरचा आलेख मागवला. रेघ उणे ०.५ अंशाच्या आसपास सरळ चाललेली, आणि तिसाव्या दिवशी कात्रीने कापावी तशी थांबलेली. पुढचे ९ दिवस कोरे. शिपिंग लाइन म्हणे आमच्या मशीनची थंडी कमी झाली नाही, आयातदार म्हणे माल तापला, आणि खरं सांगणारी वस्तू ऐन वेळी मुकी. सर्व्हेयरने त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि क्लेम बुडाला. तो तोटा ११ घरांत वाटताना हिशेबाच्या वहीवर माझा हात थरथरत होता. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी त्या पैशांवर मुलीच्या कॉलेजची फी धरली होती.

लॉगरमध्ये बिघाड नव्हता. ३० दिवस सांगितले होते, ३० दिवस चालला. पण ३० हा आकडा कुठून आला, हे मला त्या रात्री पहिल्यांदा उमगलं. सुएझ उघडा आहे, तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाशी बाब-अल-मंदेबच्या चिंचोळ्या पाण्यात व्यापारी जहाजाला कुणी हात लावत नाही, आणि लावलाच तर अमेरिकेचं आरमार बसलंय, हे सगळं गृहीत धरून तो आकडा ठरला होता. महासत्तेची पत म्हणतात ती हीच. आमच्यापर्यंत ती ११०० रुपयांच्या एका तुकड्यात येऊन पोचली होती, आणि संपली तेव्हाच ती होती हे कळलं.

आता ६० दिवसांच्या मॉडेलबद्दल. २०२४च्या मार्चपासून तोच वापरतेय, दोन हंगामांत २२ नग झाले. मला १३५० रुपयांना पडतो, म्हणजे कंटेनरमागे फक्त २५० रुपये जास्त. २२पैकी २१ आलेख पूर्ण मिळाले. एक मिळाला नाही, कारण भरणीच्या घाईत मुलाने बटण नीट दाबलं नव्हतं, दिवा लुकलुकलाच नाही. तेव्हापासून दिवा पेटलेल्या लॉगरचा फोटो काढल्याशिवाय मी दार लावू देत नाही. फोटोत पेटीवरचा लॉट नंबर दिसला पाहिजे.

लावायची जागा महत्त्वाची. दाराकडच्या शेवटच्या पॅलेटवर, वरून दुसऱ्या पेटीच्या बाहेरच्या अंगाला लावा, कारण गरम हवा तिथेच साठते. मशीनच्या तोंडाशी लावला तर आलेख सुंदर येतो आणि कामाचा राहत नाही. ग्रेप गार्डच्या, म्हणजे द्राक्षं सडू नयेत म्हणून गंधकाचा गॅस सोडणाऱ्या पॅडला चिकटवू नका, त्या गॅसने पिन काळी पडते. आणि प्रीकूलिंग झालेल्या, म्हणजे आधीच थंड केलेल्या मालाबरोबरच सुरू करा. बाहेरच्या उन्हात सुरू केला तर पहिल्या काही तासांचा उंचवटा दिसतो आणि तिकडे त्यावरच वाद घालायला सुरुवात होते.

एक खोड आहे. बॅटरी उरली किती, ते बाहेरून कळत नाही. पाकिटावरची तारीख पाहूनच घ्या. सिमकार्डचा, रोज मोबाइलवर तापमान आणि ठिकाण दाखवणारा लॉगरही मी एका कंटेनरला लावून पाहिला. चौपट महाग, आणि भर समुद्रात रेंज नसते तेव्हा तोही गप्पच. बंदराला लागला की मागचं सगळं एकदम पाठवतो. आमच्यासारख्या छोट्या गटाला तो झेपत नाही.

दिवस का वाढले, हे बाजारात विचारलं तर लोक ‘रेड सी’, म्हणजे तांबडा समुद्र, एवढं बोलून पुढे जातात. मला एवढ्यावर थांबता येत नाही, कारण पुढच्या वर्षी किती दिवसांचा लॉगर घ्यायचा हे त्याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं.

१९ नोव्हेंबर २०२३ला येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज पळवलं. गाझातल्या युद्धाचं कारण सांगून त्यांनी जहाजांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडायला सुरुवात केली. महिन्याभरात मोठ्या शिपिंग लाइन्सनी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचा, केप ऑफ गुड होपचा वळसा धरला, साधारण ३५०० सागरी मैल जास्त. अमेरिकेने डिसेंबरमध्ये मित्रदेशांचा ताफा उभा केला, १२ जानेवारी २०२४पासून ब्रिटनला घेऊन येमेनवर हल्ले सुरू केले. युरोपीय संघाने फेब्रुवारीत स्वतःची वेगळी मोहीम काढली. आपल्या नौदलानेही स्वतःच्या निर्णयाने जहाजं पाठवली. ‘मार्लिन लुआंडा’ला आग लागली तेव्हा आयएनएस विशाखापट्टणम धावली, त्या टँकरवर २२ भारतीय होते. ती बातमी वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

त्या दिवसांत जहाजांचा माग दाखवणारं ॲप मी रोज पाहत असे. तांबड्या समुद्रातून जाणारी काही जहाजं गंतव्य बंदराच्या जागी ‘सगळे खलाशी चिनी’ असं लिहीत होती. हुथींनी चीन आणि रशियाच्या जहाजांना धोका नाही, असं जाहीर केलं होतं ना! आसपास अमेरिकेच्या युद्धनौका होत्या, तरी कप्तानाला आधार वाटत होता तो त्या तीन शब्दांचा. बाब-अल-मंदेबला लागूनच असलेल्या जिबूतीत अमेरिकेचा तळ आहे आणि २०१७पासून चीनचाही आहे. चीनने या भांडणात एक गोळी झाडली नाही.

१५ मार्च ते ६ मे २०२५ अमेरिकेने सात आठवडे जोरदार बॉम्बफेक केली. दोन विमानवाहू नौका कामाला लावल्या, काही हजार डॉलरच्या ड्रोनवर २० लाख डॉलरच्या घरातली क्षेपणास्त्रं खर्च केली. शेवटी ओमानच्या मध्यस्थीने समझोता झाला: हुथी अमेरिकेच्या जहाजांना हात लावणार नाहीत, अमेरिका बॉम्ब टाकणार नाही. बाकीच्यांच्या जहाजांचं त्यात काहीच नव्हतं. दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ ही दोन मालवाहू जहाजं हुथींनी बुडवली. ‘इटर्निटी सी’वरची माणसंही गेली.

माझ्या मते खरा निकाल त्या मे महिन्यात लागला. वाट सगळ्यांना मोकळी ठेवीन, हे महासत्तेचं वचन. ते तिने स्वतःपुरतं पाळून घेतलं, आणि माल वाहणाऱ्या प्रत्येकाने ते टिपलं. विमा कंपन्यांनी तर आधीच टिपलं होतं. तांबड्या समुद्रातल्या एका फेरीचा युद्धजोखमीचा हप्ता जहाजाच्या किमतीच्या १ टक्क्याच्या जवळ पोचला होता. पत मोजायला याहून चोख माप मला ठाऊक नाही, कारण तिथे प्रत्येक जण स्वतःच्या पैशाने मत देतो.

माझे मामा ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेत, हयात सोव्हिएत बनावटीच्या मिग विमानांच्या कामात गेली. त्यांना माझं म्हणणं उतावीळ वाटतं. “बाळा, १९७५ला व्हिएतनाममध्ये सायगाव पडलं तेव्हाही सगळे म्हणत होते, अमेरिका संपली. संपलं कोण? सोव्हिएत युनियन!” फेब्रुवारी १९८९मध्ये शेवटचे रशियन सैनिक अफगाणिस्तानातून पूल ओलांडून परतले आणि डिसेंबर १९९१मध्ये तो देशच उरला नाही. मामा तेव्हाचं सांगतात, एका पत्त्यावर मिळणारे सुटे भाग वेगवेगळ्या नव्या देशांत शोधत बसावं लागलं. लांबच्या युद्धाची झळ ओझरच्या शेडमध्ये आलेली त्यांनी पाहिलीय, म्हणून त्यांचं बोलणं मी खाली पडू देत नाही. एकाच पराभवाने महासत्ता कोसळत नाही, हे खरंच. सोव्हिएत युनियन आतून पोखरलेलं होतं.

पण मी त्यांना १९५६चं सुएझ सांगते. जुलैमध्ये इजिप्तचा अध्यक्ष नासरने कालवा इजिप्तच्या मालकीचा केला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ब्रिटन-फ्रान्सचं सैन्य कालव्याच्या तोंडाशी पोर्ट सईदला उतरलं आणि लढाईत सरसही ठरलं. तरी पौंड घसरायला लागला, अमेरिकेचा अध्यक्ष आयझेनहॉवरने आधार द्यायला नकार दिला, आणि दोन दिवसांत ब्रिटनला युद्धविराम घ्यावा लागला. डिसेंबर संपायच्या आत सैन्य परत, जानेवारीत पंतप्रधान ईडन यांचा राजीनामा. ब्रिटन देश म्हणून कुठे गेला नाही, पण ‘आमच्याशिवाय इथलं पान हलत नाही’ हे त्याचं म्हणणं त्यानंतर कुणी मानलं नाही. कालवाही तोच, पाणीही तेच. मामा यावर गप्प बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, “अमेरिकेचा डॉलर कुठे कोसळलाय अजून?” ते बरोबर आहे. डॉलर आहे, आरमार आहे. गेलीय ती समुद्राची हमी, आणि ती परत मिळवता येते का, हे गाझा आणि येमेनमध्ये पुढे काय ठरतं त्यावर आहे.

१० ऑक्टोबर २०२५ला गाझात युद्धविराम लागू झाला. तेव्हापासून बाजारात एकच वाक्य फिरतंय, या वर्षी सुएझ सुरू होणार. झाला तर मला आनंदच आहे. केपला वळसा घालताना आमची द्राक्षं जिथून जातात, त्याच किनाऱ्यावरून दक्षिण आफ्रिकेची ताजी द्राक्षं जहाजात चढतात आणि आमच्या निम्म्या दिवसांत युरोपात पोचतात. त्यांच्याशी आम्ही कसं लढायचं? या वर्षी पावसाने घडही कमी लागलेत, जे लागलेत त्यांचं सोनं व्हायला हवं.

पण जहाजं परत वळली तर ती कुणाच्या शब्दावर वळतील, हे मी बघणार आहे. हुथी थांबले म्हणून वळली तर ती परवानगी आहे, आणि परवानगी देणारा ती भर हंगामात काढूनही घेऊ शकतो. फेब्रुवारीत निघालेला माझा कंटेनर मार्चमध्ये मध्येच केपकडे वळवला जाऊ शकतो. विम्याचा हप्ता जुन्या पातळीवर आला, मोठ्या लाइन्सनी सुएझचं वेळापत्रक पूर्ण वर्षासाठी जाहीर केलं, तर मी मानेन की हमी परत आली.

परवा विक्रेत्याचा फोन आला. “वहिनी, ३०वालेच घ्या की, सुएझ सुरू होतंय, गटाचे चार पैसे वाचतील.” भला माणूस आहे, उधारीवर देतो, नग खराब निघाला तर बदलून देतो, त्याच्या सेवेबद्दल माझी काही तक्रार नाही. मी त्याला १५ नग सांगितले, सगळे ६० दिवसांचे, पाकिटावर २०२५च्याच बनावटीची तारीख असलेले. निम्मे पैसे आगाऊ दिलेत. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पॅकहाऊसवर पोचते होतील.