पानं आधीच उघडून ठेवणारा ब्राउझर: आठ महिने वापरून

लालबागला माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. त्याच सात-आठ साइट दिवसातून पन्नास-साठ वेळा उघडायच्या, हेच काम. जूनमध्ये ॲडमिशनची गर्दी सुरू झाली तेव्हा क्रोम ब्राउझरमध्ये सेटिंग्ज, परफॉर्मन्स, स्पीड असं जाऊन 'प्रीलोड पेजेस', म्हणजे आपण उघडण्याआधीच पान मागवून ठेवण्याची सोय, चालू केलं. भाच्याने ते कधीतरी बंद करून ठेवलं होतं. त्यात स्टँडर्ड आणि एक्स्टेंडेड असे दोन प्रकार आहेत. मी स्टँडर्ड घेतलं.

फरक पहिल्याच दिवशी कळला. पत्त्याच्या पट्टीत दोन अक्षरं टाकली, एंटर दाबलं, की पान समोर. गोल फिरणारं चक्र नाही, पांढरा पडदा नाही. समोर पाच माणसं उभी असताना प्रत्येक पानामागे वाचलेले दोन-तीन सेकंद म्हणजे काय, ते काउंटरमागे बसणाऱ्यालाच कळेल.

हे होतं कसं, ते माझ्याच धंद्यातून सांगतो. उत्पन्नाच्या दाखल्याचे कोरे अर्ज जूनमध्ये मी सकाळीच गठ्ठ्याने काढून ठेवतो. गिऱ्हाईक येणार हे माहीत असतं. ब्राउझरही तेच करतो, पण खात्री किती आहे ते बघून. थोडी खात्री असेल तर सर्व्हरशी, म्हणजे जिथून साइट येते त्या कॉम्प्युटरशी, जोडणी तेवढी करून ठेवतो, म्हणजे मशीन गरम करून ठेवल्यासारखं. याला प्रीकनेक्ट म्हणतात. प्रीफेच म्हणजे पानाचा मूळ मजकूर मागवून ठेवणं. आणि प्रीरेंडर म्हणजे चित्रं, कोड सगळ्यासकट पूर्ण पान पडद्यामागे मांडून ठेवणं. एंटर दाबलं की फक्त पडदा बाजूला होतो.

ही खात्री डोळ्यांनी बघता येते. पत्त्याच्या जागी क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि प्रेडिक्टर्स असं इंग्रजीत लिहा. एक तक्ता उघडतो: तुम्ही कोणती अक्षरं टाकलीत, त्यावरून कुठे गेलात, किती वेळा अंदाज बरोबर आला, किती वेळा चुकला. माझ्या एका नेहमीच्या साइटसमोर ३१ वेळा बरोबर, २ वेळा चूक असं होतं आणि ओळ हिरवी होती. ५० टक्क्यांच्या वर खात्री गेली की नुसती जोडणी होते, ८० च्या वर ओळ हिरवी होते आणि पूर्ण पान तयार ठेवलं जातं. मी अर्धा तास तो तक्ता बघत बसलो होतो. आपल्या बोटांच्या सवयी इतक्या ठरलेल्या असतात, हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

जुन्या ४ जीबी रॅमच्या कॉम्प्युटरवर मात्र फारसा फरक जाणवला नाही. मेमरी कमी असली की ब्राउझर हे काम स्वतःहून सोडून देतो. लॅपटॉपची बॅटरी उतरून एनर्जी सेव्हर चालू झाला, तरी तेच. रस्ता खोदताना केबल तुटली की मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर येतो. तेव्हा हे बंदच ठेवतो. न उघडलेल्या पानांचाही डेटा जातोच.

आता खरी गोष्ट. ऑगस्टमध्ये एका भरतीच्या साइटवर (नाव नको) कॅप्चा, म्हणजे चित्रातली वेडीवाकडी अक्षरं बघून टाकायची असतात ते, सारखा चुकायला लागला. एक मुलगी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "काका, तिसऱ्यांदा सगळा फॉर्म कोरा झाला." अक्षरं मी स्वतः दोनदा ताडून पाहिली होती. बरोबर होती.

रात्री शटर ओढून शांतपणे तेच सगळं पुन्हा करून पाहिलं. एका टॅबमध्ये अर्ज भरलेला. पुढच्या गिऱ्हाइकासाठी दुसऱ्या टॅबमध्ये त्याच साइटची तीन अक्षरं टाकली, एंटर न दाबता खोडली. पहिल्या टॅबमध्ये येऊन कॅप्चा टाकला: चूक. तक्त्यात ती साइट हिरवी होती. म्हणजे मी एंटर दाबण्याआधीच पान मागवलं गेलं होतं, सर्व्हरने नवा कॅप्चा काढला होता आणि पहिला बाद झाला होता. प्रीलोड बंद केलं, दहा वेळा तसंच केलं, एकदाही चुकलं नाही.

यात दोष त्या साइटचा आहे. नुसतं पान मागवल्याने आधीच्या कामाला धक्का लागता कामा नये, हा वेबचा जुना नियम. २००५ साली गूगलच्या वेब ॲक्सिलरेटर या वेग वाढवणाऱ्या प्रोग्रॅमने पानावरच्या लिंक आधीच उघडायला सुरुवात केली, तेव्हा काही साइटवर 'डिलीट'च्या लिंकही उघडल्या गेल्या आणि लोकांचा मजकूर उडाला. वीस वर्षांनंतरही तो नियम न पाळणाऱ्या साइट आहेत आणि त्यांवर पोरांच्या नोकऱ्यांचे अर्ज भरले जातात, याचा मला मनापासून राग येतो.

तेव्हापासून क्रोममध्ये दोन प्रोफाइल, म्हणजे वेगवेगळ्या सेटिंग्जच्या दोन रंगांच्या खिडक्या, ठेवली आहेत, कारण हे सेटिंग प्रत्येक प्रोफाइलचं वेगळं असतं. हिरव्या रंगाच्या खिडकीत प्रीलोड चालू: निकाल बघणं, माहिती शोधणं, बातम्या. गूगलवर शोधलं की पहिले दोन निकाल आधीच मागवलेले असतात, तिथे हे फार कामाचं आहे. लाल खिडकीत बंद: लॉगिन, फॉर्म, पैसे भरणं. मदतीला येणाऱ्या मुलालाही मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं, की अर्ज लाल खिडकीत. ती मुलगी दुसऱ्या दिवशी परत आली, तिचा फॉर्म लाल खिडकीत भरला आणि पहिल्याच खेपेला गेला. पावतीची झेरॉक्स मी तिला तशीच दिली.