क्षेत्रफळ शिकवायला पॅटर्न ब्लॉक्स: संच घेण्याआधी आणि घेतल्यावर

ठाण्यात गोखले रोडच्या बाजूला किंवा वाशीत सेक्टर 17 मध्ये खेळण्यांच्या, स्टेशनरीच्या दुकानांत विचारलंत तर 'पॅटर्न ब्लॉक्स' नावाचे रंगीत आकारांचे संच दाखवतात. फुलं-फुलपाखरं बनवायचा खेळ म्हणून ते विकले जातात. दुसरी-तिसरीच्या मुलांना क्षेत्रफळाची ओळख करून द्यायला मात्र हे साधन फार गुणाचं आहे, त्यामुळे इथे त्या एकाच कामासाठी ते तपासलं आहे.

नेहमीच्या 250 तुकड्यांच्या संचात पिवळे षटकोन 25 आणि नारिंगी चौरस 25. लाल समलंब चौकोन, निळे समभुज चौकोन, हिरवे त्रिकोण आणि फिकट रंगाचे निमुळते समभुज चौकोन प्रत्येकी 50. सगळ्यांची बाजू एक इंच, फक्त लाल तुकड्याची एक बाजू दोन इंच.

सुरुवातीला पिवळे, लाल, निळे, हिरवे एवढेच तुकडे बाहेर काढा. एक षटकोन झाकायला हिरवे सहा लागतात, निळे तीन, लाल दोन. हे मुलांना पाच मिनिटांत जमतं. मग कागदावर पाच षटकोन एकमेकांना लावून त्यांची बाहेरची कड पेन्सिलीने आखा. आधी अंदाज करायला सांगा, नंतर झाकायला, शेवटी मोजायला. हिरवे 30 भरतात, निळे 15. आता विचारा: निळे कमी लागले, मग जागा कमी झाली का? बरीच मुलं 'हो' म्हणतात. लगेच दुरुस्त करू नका. एकेक निळा उचलून त्याच जागी दोन-दोन हिरवे ठेवायला लावा. तुकडा लहान घेतला की आकडा वाढतो, जागा तेवढीच राहते, हे तिथे डोळ्यांसमोर घडतं. 'लांबी गुणिले रुंदी' पाठ झालेल्या कितीतरी मुलांना नेमकं हेच माहीत नसतं, आणि या संचाची खरी किंमत इथे वसूल होते.

चुका ठरलेल्या असतात. कडेला फट सोडणं, तुकडा तुकड्यावर चढवणं, काही मुलं तर आतलं सोडून फक्त कडेचे तुकडे मोजतात, म्हणजे परिमितीकडे वळतात. सर्वांत चिवट चूक म्हणजे चार लाल आणि तीन हिरवे मिळून 'सात' सांगणं. अशा वेळी सगळं हिरव्यात मोजायला लावा: एक लाल म्हणजे तीन हिरवे, म्हणून उत्तर 15.

आता संचातली खरी अडचण. चौरसाची आणि त्रिकोणाची बाजू सारखी असल्याने दोन त्रिकोणांचा एक चौरस होईल असं वाटतं. होत नाही, चौरस त्रिकोणाच्या साधारण 2.31 पट आहे. निमुळता फिकट तुकडा चौरसाच्या बरोबर निम्मा आहे, पण असे दोन तुकडे चौरसावर ठेवून तो झाकला जात नाही. कागदावर आखून, कापून, जुळवून दाखवावं लागतं, आणि ते मोठ्या मुलांचं काम. म्हणून हे दोन्ही रंग आधीच वेगळ्या पिशवीत काढून ठेवा, नाहीतर मूल प्रामाणिकपणे मोजूनही अडकतं.

चौरस सेंटिमीटरसाठीही हा संच चालत नाही, कारण इंची चौरसाचं क्षेत्रफळ 6.45 चौसेमी येतं. त्यापेक्षा जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून 5 सेमी बाजूचे 24 चौरस कापून घ्या. ते सगळे वापरून जमतील तेवढे आयत करायला द्या: 1 बाय 24, 2 बाय 12, 3 बाय 8, 4 बाय 6. झाकलेली जागा प्रत्येक वेळी 24 चौरसांचीच, पण चौरसाच्या बाजूने कड मोजली तर 50, 28, 22 आणि 20. क्षेत्रफळ आणि परिमितीची गल्लत सोडवायला याहून सोपा उपाय नाही.

संचात गोल तुकडा नसतो. ती उणीव स्वयंपाकघरात भरून निघते. लाटलेल्या कणकेवर वाटीने पुऱ्या पाडल्या की मधे कातरण उरतं, शंकरपाळी कापली तर मधे काहीच उरत नाही. गोल एकमेकांना टेकवून सरळ रांगांत मांडले तर जागेचा जवळजवळ 21 टक्के भाग उघडाच राहतो. मुलांना टक्के सांगू नका, कातरण गोळा करून हातात द्या.

घेताना पाकीट उघडून पाहू द्या म्हणावं. पिवळ्या षटकोनावर सहा हिरवे ठेवा. ते बाहेर डोकावत असतील किंवा मधे फट दिसत असेल तर संच घेऊ नका. दहा चौरस ओळीत लावून पट्टीने मोजा, 25.4 सेमी यायला हवेत. प्रत्येक तुकडा मिलिमीटरभर मोठा असेल तर दहांत एक सेंटिमीटर वाढतो आणि आखलेली आकृती भरतच नाही. प्लास्टिकच्या संचांत गोल केलेले कोपरे टाळा. सहा त्रिकोण भेटतात तिथे भोक पडतं, आणि 'इथे जागा उरली' म्हणणारं मूल बरोबर बोलत असतं. फोमचे तुकडे स्वस्त, पण पंख्याखाली सरकतात; जाड लाकडी तुकडे जागचे हलत नाहीत. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर कोणताही संच वरच्या फळीवर ठेवा.

शाळेसाठी घेत असाल तर आकृती पाचाऐवजी दोन षटकोनांची ठेवा. मग दोन मुलांच्या एका जोडीला 12 हिरवे, 6 निळे, 4 लाल पुरतात आणि एका संचात चार जोड्या बसतात. तीस मुलांच्या वर्गाला चार संच लागतील.